भुताला जात असते आणि चित्रकाराला पोट असते



आम्ही हॉरर कॉमिक काढतोय असं कळल्यावर आमच्याच कार्यकर्त्यांकडून दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. पहिली: "बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि तुम्ही भुतं विकायला निघालात?" दुसरी विचारली जात नाही, धरूनच चालली जाते: "चळवळीचं काम आहे म्हणजे फुकटच वाटणार ना?" पहिलीचं उत्तर आम्ही आनंदाने देऊ. दुसरीवर मात्र आमचं भांडण आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही तिघे. एक साताऱ्याचा. तो दुकानांचे बोर्ड हाताने रंगवायचा. फ्लेक्स आला, ब्रश गेला, आता तो फ्लेक्स बांधणाऱ्यांची शिडी धरतो. दुसरा कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडे, आठवड्याला पाळी बदलते. तिसरी मिरजेत डीटीपी करते, लग्नपत्रिका आणि दशक्रियेचे कार्ड एकाच दिवशी, एकाच फॉन्टमध्ये. सुट्टी जुळली की मधल्या अंतरावर कराडला भेटतो. बत्तीस पानं, काळी-पांढरी, कारण चार रंगांची छपाई आम्हाला परवडत नाही. एका पानाला तीन रात्री जातात, आणि त्या रात्री झोपेतून काढलेल्या असतात.

आता भुतांचं. मराठी भुतांची यादी नीट वाचून बघा. मुंजा कोण? मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला बटू. ब्रह्मसमंध कोण? मेलेला ब्राह्मण. म्हणजे मेल्यावरसुद्धा वर्णव्यवस्था सुटत नाही, पिंपळावर बसायलाही जन्म पाहिजे! आणि या भुतांची वस्ती कुठे? वेशीबाहेर, ओढ्याच्या काठाला, मसणवट्याजवळ. महारवाडा आणि मांगवाडा कुठे होता? तिथेच. गावाने भुतांना जिथे बसवलं तिथेच आमच्या आज्या-पणज्यांना बसवलं. मेलेलं जनावर ओढायचं, मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा, रात्री वेशीवर काठी घेऊन उभं राहायचं, ही बलुत्यातली कामं कोणाची होती? गावाला अंधारात जी आकृती दिसून धडकी भरायची, ती पुष्कळदा आमच्या पणजोबाचीच असणार.

मराठीतली छापील भयकथा मात्र वाड्यात राहते. नारायण धारप आम्ही तिघांनीही लायब्ररीतून आणून पांघरुणात वाचलेत. हातखंडा लेखक, वाद नाही. पण त्यांच्या 'समर्थ' मालिकेत अरिष्टाला तोंड द्यायला कोण येतो? आध्यात्मिक सामर्थ्य कमावलेला पुरुष. २०१८ चा 'तुंबाड' घ्या. बघताना आम्हीही खुर्चीला धरून बसलो होतो. वाडा, खजिना, बापाकडून मुलाकडे जाणारी हाव. ही सगळी वारसा असणाऱ्यांची भीती आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला झपाटलेला वाडा कुठून मिळणार? त्याचं घरभाडं थकलेलं असतं, तळघर नसतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. एखादी भयकथा अंधश्रद्धा वाढवते की नाही हे त्यात भूत आहे की नाही यावरून ठरत नाही. शेवटी उतारा कोण देतो यावरून ठरतं. मांत्रिक, अंगारा, गंगाजल यांनी सुटका होत असेल तर ती पुरोहिताची जाहिरात आहे. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर राहिले, तिथली माणसं आम्ही. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, डांबणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. गोष्ट सांगणं गुन्हा नाही. बावीस प्रतिज्ञांतही श्राद्ध आणि पिंडदान नाकारलं आहे. ब्राह्मणी हिशेबात पिंड मिळाला नाही की मेलेला भटकत राहतो. ज्यांनी पिंडच नाकारला त्यांचा मेलेला माणूस परत आला, तर तो कशासाठी येईल? आमचं कॉमिक या एका प्रश्नावर उभं आहे.

आणि भीती शोधायला आम्हाला ट्रान्सिल्व्हेनियाला जायची गरज नाही. १९०१ सालची ती रात्र आठवा. साताऱ्याहून निघालेली लहान मुलं. भीमराव, त्यांचा भाऊ, बहिणीची मुलं. पाडळी स्टेशनवर गाडीत बसली, मसूरला उतरली, वडिलांकडे गोरेगावला जायचं होतं. महार आहोत म्हटल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान गाडी हाकेना. बैल मुलांनी हाकले, तो बाजूने चालला. डबा भरलेला, पण प्यायला पाणी नाही, म्हणून सगळे उपाशी. अंधार वाढत गेला, रस्त्याला चिटपाखरू नाही. मध्यरात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्याचा दिवा दिसला, आणि दिव्याखालच्या माणसानेही पाणी दिलं नाही. निर्जन रस्ता, लांबचा दिवा, दार उघडणारा अनोळखी माणूस: भयकथेला लागणारं सगळं सामान यात आहे, फक्त भूत नाही. नवयानच्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ मध्ये हा प्रसंग चित्रांत आणला. चित्रकथा हे पोरखेळाचं माध्यम आहे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा हातात घ्यावं.

पण आमचा खरा गुरू वाटेगावचा. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० ला जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांची 'स्मशानातील सोनं' ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा लेख इथेच थांबवून ती वाचली तरी चालेल. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला जातो, उपनगरातल्या खाणीत काम मिळतं, एक दिवस खाण बंद पडते. बेकार भीमाला मसणातल्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तो रात्री राख चाळू लागतो, मढी उकरू लागतो. बायकोला भुतांची भीती वाटते, भीमाला वाटत नाही. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, कोल्ह्यांशी झुंज होते, बोटं जातात. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भूत एकही नाही. तरी इतकी थंडगार कथा मराठीत दुसरी दाखवा. तिथे खाण बंद पडणं हेच अरिष्ट आहे, आणि त्याला उतारा कुठल्याही समर्थाकडे नाही.

आमची गोष्ट त्याच वाटेने जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरची सांगली. कृष्णेचं पाणी ओसरलंय, घराघरात चिखल, मेलेली जनावरं, सडलेलं धान्य. ठेकेदाराकडचे सफाई कामगार गाळ काढतायत. त्यातला एक मरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरीला उभा. तिसऱ्या दिवशी पण. सोबतचे घाबरत नाहीत, सरकून त्याला जागा देतात, कारण त्याचे बावीस दिवस थकलेत हे सगळ्यांना माहीत आहे. घाबरतो फक्त मस्टर लिहिणारा. मेलेल्याच्या नावापुढे त्याने 'हजर' लिहिलं तर पैसे द्यावे लागतात, 'गैरहजर' लिहिलं तर तो समोर उभा आहे! पुढचं सांगत नाही, विकत घेऊन वाचा.

"विकत" म्हणालो की काही भाऊ नाराज होतात. आता त्या भांडणाकडे येऊ.

शहरातल्या एका प्रकाशकाने पानं पाहून सांगितलं, चित्रं छान आहेत, जातीचा भाग काढला तर सगळ्यांना चालेल; मानधनाचं नंतर बघू, नाव तर होईल. त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. आमचा राग घरच्यांवर आहे. जयंतीला डॉल्बीवाल्याला आगाऊ, मंडपवाल्याला आगाऊ, जेवणाच्या कॅटरर्सला आगाऊ. चित्रकाराला? "दादा, समाजाचं काम आहे, रात्रीत एक पोस्टर करून दे, जय भीम!" आमच्या साताऱ्याच्या मित्राने अशी किती पोस्टरं केली ते त्यालाही मोजता येत नाही. याच काळात त्याच्या मुलीची शाळेची फी दोनदा उसनवारीवर गेली. बिनपगारी राबवून वर उपकार केल्यासारखं बोलायचं, याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वेठ. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात बिल आणलं ते याच वेठीविरुद्ध होतं. पाटलाने सांगितलेली वेठ वाईट आणि मंडळाच्या अध्यक्षाने सांगितलेली वेठ चळवळ, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

बाबासाहेबांनी 'मूकनायक' फुकट वाटला नव्हता, वर्षाची वर्गणी अडीच रुपये होती. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहिले, पदरमोड केली, आणि मग त्याच पत्रातून समाजाला विचारलं की हे ऋण लौकिक ऋण नव्हे काय? पुरेसा पैसा आला नाही म्हणून १९२९ मध्ये ते पत्र बंद पडलं. शत्रूने ते बंद पाडलं नाही, न भरलेल्या वर्गणीने पाडलं. अण्णा भाऊंचंही तेच. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, आणि माणूस घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत हलाखीतच राहिला. १८ जुलै १९६९ ला गेले. आता दर १ ऑगस्टला मिरवणूक निघते, तिला वर्गणी कमी पडत नाही.

काही जण म्हणतील, तरुणांकडे पैसे कुठे आहेत? खरंय, सगळ्यांकडे नाहीत. कॉलेजातल्या पाच पोरांनी मिळून एक अंक घेतला तर आम्हाला आनंदच आहे, वसतिगृहाच्या लायब्ररीला आम्ही अर्ध्या किमतीत देऊ. पण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर शिळी चपाती खाऊन पुस्तकांनी पिशवी भरून नेणारी आपली माणसं आम्ही पाहिलीत. विकत घेऊन वाचण्याची रीत आपल्या समाजात आहे. ती मंडळांच्या ताळेबंदात नाही.

अंकाची किंमत आम्ही ६० रुपये ठेवली आहे. त्यात कागद, छपाई, पिना आहेतच, शिवाय चित्रांची, लिखाणाची आणि अक्षरांची मजुरी पानामागे धरली आहे, आणि तो हिशेब अंकाच्या शेवटच्या पानावर छापणार आहोत. कोणी पीडीएफ मागू नये. मंडळांनी पोस्टर हवं असल्यास आधी दर विचारावा, अर्धे पैसे कामाआधी द्यावेत. सत्तावीस पानं शाई देऊन झालीत, पाच बाकी आहेत. पुढच्या आठवड्यात कुपवाडवाल्याची रात्रपाळी सुरू होतेय, त्यामुळे शेवटचा प्रसंग साताऱ्यात बसूनच पुरा करावा लागेल.