दोन सुलट, दोन उलट

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात हमखास एक मेल येतो : 'चला, आनंद वाटू या!' पॅन्ट्रीजवळ एक खोका ठेवलेला असतो. त्यात कुणीतरी दिलेली जास्तीची वॉटरबॉटल, घरात नकोसं झालेलं गिफ्ट वगैरे टाकायचं, एचआरसोबत फोटो काढायचा, की वर्षभराचं पुण्य जमा! मीही काढलेत हो असे फोटो. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. पण गेल्या वर्षी एका फोटोनं माझी चांगलीच जिरवली.

तर झालं असं की, पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. रिटायर्ड शिक्षिका, वय पंचाहत्तरीच्या आसपास. रविवारी सकाळी चर्च आणि बाकीचे सहा दिवस गॅलरीत बसून विणकाम. मला वाटायचं, नातवंडांसाठी विणत असतील. एकदा त्यांचं कुरिअर द्यायला गेले, तर टीपॉयवर वही उघडी. त्यात नावं नव्हतीच. नुसतं, 'सहा वर्षं. छाती २४, हात ११. गुलाबी नको.'

'गुलाबी का नको?'

'ती नको म्हणाली. मग नको.'

हळूहळू उलगडा झाला. सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बायका, शेजारच्या साइटवरचे मजूर, यांच्या मुलांसाठी मावशी जुलैपासून विणायला घेतात. नाताळपर्यंत पंधरा-सोळा स्वेटर होतात. एकेकाला साधारण दोनशे ग्रॅम लोकर. हात दोन बोटं लांब ठेवायचे. यंदा दुमडायचे, पुढच्या वर्षी उघडायचे. आणि द्यायचं कसं? वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलाच्या आईच्या पिशवीत, अशाच कुठल्यातरी मंगळवारी. 'पंचवीस तारखेला दिलं की कुणी दिलं ते पोराला लगेच कळतं,' मावशी म्हणाल्या.

एवढं ऐकूनही मी काय करावं? एका सकाळी ती 'गुलाबी नको'वाली मुलगी बॉटलग्रीन स्वेटर घालून घसरगुंडीवर दिसली. काय गोड दिसत होती! मी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'आपल्या मावशींची कमाल!' अंगठे, हार्ट, जोडलेले हात... मोबाइल दिवसभर टिंगटिंग करत होता. मी खूश.

दुसऱ्या दिवशी घसरगुंडीवरच्या पोरांनी तिला नवं नाव ठेवलं होतं : 'फुकट स्वेटर'.

तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या थंडीत नुसत्या फ्रॉकवर होती. तिच्या आईनं स्वेटर घडी करून मावशींना परत आणून दिला. 'घालतच नाही म्हणते.'

मी सॉरी म्हणायला खाली गेले, तर मावशी तो स्वेटर उसवत बसलेल्या. मला रडूच आलं.

'रडतेस काय? बस. हात पुढे कर.'

माझ्या दोन हातांवर लोकरीची लड चढायला लागली. कुरळी, नूडल्ससारखी. 'धुऊन वाळवली की परत सरळ होते,' त्या म्हणाल्या. आणि लड गुंडाळता गुंडाळता त्यांनी आजीचं सांगितलं. १९००च्या दुष्काळात ती लहानगी पोर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. तिथं मुली शिवण, विणकाम, छपाईसुद्धा शिकायच्या. रमाबाईंचं मराठी बायबल तिथल्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. तिथं आजीला पहिल्यांदा तिच्या मापाचं झबलं मिळालं. 'आजी म्हातारपणीही त्या झबल्याचं सांगायची. कुणी शिवलं होतं, ते तिला कधीच कळलं नाही. म्हणून ते तिचं झालं बघ.'

मग टबीथाची गोष्ट. बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात ही बाई येते. ती वारल्यावर विधवा बायका रडत रडत पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवतात. पुढे ती जिवंतही होते, पण अख्ख्या अध्यायात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. 'मला ती फार आवडते,' मावशी म्हणाल्या, 'गप्प बसून काम करते.' टोमणा होता की नाही, कोण जाणे. लागला मात्र.

यंदा ऑफिसचा मेल आला, तेव्हा मी एचआरला म्हटलं, 'आधी मुलांची मापं विचारू या, आवडते रंग विचारू या. आणि फोटो नको.' पलीकडून प्रामाणिक प्रश्न आला, 'मग रिपोर्टमध्ये काय लावायचं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोका अजून पॅन्ट्रीजवळच आहे. माझ्या टेबलाच्या खणात मात्र सुया आहेत. लंच टाइममध्ये दोन सुलट, दोन उलट. आत्तापर्यंत चार इंच झालंय आणि त्यातलं दोनदा उसवलंय.

आणि हो, त्या लोकरीचं काय झालं? तीन आठवड्यांनी घसरगुंडीवर एक हिरवं-निळं टोपीचं जॅकेट दिसलं. हात दोन बोटं दुमडलेले. कुणीही ओळखलं नाही. ती जोरात ओरडत खाली घसरली, परत वर धावली. माझा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. मी तो तसाच पर्समध्ये ठेवला.

(रंग बदललेत, बरं का. सोसायटी शोधत बसू नका.)