ग्राहक जिल्ह्यातच आहे

हिवाळा लागला की बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आमच्याकडे एक विचारणा हमखास करतात: मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल कसा मिळेल? विचारणा रास्त आहे. राज्याच्या 'उमेद' अभियानाच्या त्या प्रदर्शनात विक्री होते, ओळखी होतात, घाटंजी-झरीकडच्या बाया मुंबईच्या गिऱ्हाइकाशी न बुजता बोलू लागतात. पण तुमची जवसाची चटणी यवतमाळात कोणत्या वारी आणि कुठे मिळते, असे आम्ही विचारले की बहुतेकांना उत्तर देता येत नाही. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती आणि पाचांतला एक माणूस शहरात राहत होता. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, पांढरकवडा इथल्या प्रत्येक घरात रोज डाळ शिजते, हळद-तिखट लागते, सूप-टोपली लागते. हा पहिला ग्राहक हाताशी आल्याशिवाय मुंबईच्या स्टॉलमागे धावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे शेजाऱ्याला विकणे इतके अवघड का झाले, याला इतिहास आहे. वऱ्हाडातल्या बाजारपेठा उभ्या राहिल्या त्या माल बाहेर पाठवण्यासाठी. १८८६ साली कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर मिळावा, ही त्यामागची निकड होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे आली तीही कापसासाठीच. स्वातंत्र्यानंतर १९६३ चा बाजार समिती कायदा आला, १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कास्तकाराला त्यातून काही संरक्षण जरूर मिळाले. पण या साऱ्या व्यवस्थेत कास्तकार ठोकात कच्चा माल देणारा, आणि तोच पुन्हा चिल्लरमध्ये पक्का माल घेणारा, हेच गृहीत होते. जानेवारीत हर्रासात तूर विकायची आणि आखाडात किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ आणायची, हे आपल्याला आता खटकतही नाही.

थेट विक्रीत शिरलेल्या गटांची सर्वांत मोठी अडचण गिऱ्हाइकापेक्षा हिशेबाची आहे, आणि त्यावर या वेळी जरा सविस्तर लिहायचे आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आता अनेक गटांकडे आहे. तूर चाळायची, तिला चरे पाडायचे, तेल-पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवायची, मग भरडायची, पाखडायची, निवडायची. एवढे करून क्विंटलमागे साधारण ७० किलो डाळ हाती येते. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये आहे. म्हणजे त्या भावाने नुसत्या तुरीचीच किंमत किलोभर डाळीमागे ११४ रुपये पडते. बाजारात तूर ७,००० ने जात असेल तर १००. चुणी आणि टरफल विकून किंवा घरच्या गोठ्याला घालून थोडे परत येते, तेही मांडून ठेवावे. पण वाळवणाचे दोन-तीन दिवस, निवडणाऱ्या बायांचा वेळ, वीज, पिशवी, बाजारापर्यंतचे भाडे हे सगळे अजून या आकड्यात आलेलेच नाही.

तरीही कितीतरी गट ११०-१२० रुपयांना डाळ देतात आणि नफा झाला म्हणून सांगतात, कारण तूर 'घरची' असते. घरची तूर फुकट नसते. ती त्या दिवशी बाजार समितीत जेवढ्याला गेली असती तेवढी तिची किंमत वहीत पहिल्या ओळीला लिहिली पाहिजे. तसे लिहिले की अनेकदा दिसते की गटाने डाळ विकून तुरीएवढेही पैसे मिळवले नाहीत आणि बायांची मजुरी तर बुडालीच. अशी वही पाहिल्यावर माणूस दोनपैकी एक करतो: भाव वाढवतो किंवा धंदा सोडतो. तिसरा मार्ग, म्हणजे न मांडता चालू ठेवणे, हाच गट मोडण्याचा मार्ग आहे.

भाव वाढवायचा तर तो का द्यावा हे गिऱ्हाइकाला पटवावे लागते. इथे आपल्या जिल्ह्याकडे एक कडू कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीतून विषबाधा होऊन याच जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात त्या दिवसांत खाटा भरल्या होत्या. शहरातला माणूस ते विसरलेला नाही. दुसऱ्या बाजूला याच जिल्ह्यातल्या सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीसाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा बिनविषारी अन्नाला इथे मागणी आहे, तिला आधारही आहे. म्हणूनच 'सेंद्रिय' हा शब्द पिशवीवर छापताना हात थरथरला पाहिजे. आपली बहुतेक तूर कपाशीच्या ओळींमधली आहे. कपाशीवर मारलेले औषध तुरीला चुकत नाही. अशा तुरीच्या डाळीवर 'सेंद्रिय' लिहिणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना. 'बिनपॉलिश, गावात भरडलेली, अमुक गावच्या शेतातली' एवढे खरे लिहिले तरी पुरते. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी पाच शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेताची तपासणी करायची पीजीएस पद्धत आहे. तिला कागद लागतो, पण बाहेरच्या प्रमाणपत्राएवढा खर्च लागत नाही.

हातकामाची स्थिती याहून नाजूक आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) सूप, टोपल्या, तट्टे होतात. हा माल बहुधा ठोकात, एखाद्या व्यापाऱ्याने आधी दिलेल्या उचलीवर जातो आणि त्याचा भाव प्लास्टिकच्या टोपलीकडे पाहून ठरतो. आमच्या मते त्याचा भाव दिवसाकडे पाहून ठरावा. २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये आहे. माती उचलणाऱ्याला शासन एवढे देते, तर बांबू सोलून, कामट्या काढून घट्ट विणणाऱ्या हाताला त्याहून कमी का? दिवसात दोन सुपे होत असतील तर एका सुपामागे १५६ रुपये मजुरी आणि वर बांबूची किंमत, हा तळ समजावा. कच्च्या मालाचा प्रश्न वेगळाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वाहतूक पास स्वतःच्या हातात घेऊन त्याचा अर्थ दाखवून दिला. सामूहिक हक्क मिळालेल्या आपल्या गावांनी त्या वाटेने किती पावले टाकली, हे ज्याने त्याने पाहावे.

आता जागा आणि वार. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. पुणे-मुंबईकडे ते रुजले. आपल्याकडे मात्र उत्सव होतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो, तरोटा, कुरडू, कटुले पाहायला गर्दी होते, छायाचित्रे येतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच भाज्या कुठे मिळतील हे कोणी सांगू शकत नाही. गिऱ्हाईक सवयीने येते. सवय लागायला वार ठरलेला हवा, जागा ठरलेली हवी, आणि पाऊस असो की लग्नसराई, कोणीतरी तिथे बसलेले हवे. सगळ्यांनी लोणचे-पापड आणू नयेत. उमरखेड-महागावच्या गटांनी हळद पूड आणावी, ज्यांच्याकडे मोहफुले-चारोळी आहे त्यांनी ती आणावी, डाळवाल्यांनी वर्षभर डाळ पुरेल एवढी तूर हंगामातच राखून ठेवावी. दर आठवड्याला सगळे येणे शक्य नसेल तर चार गटांनी पाळ्या लावाव्यात आणि एकमेकींचा माल विकावा.

परवान्याचा बाऊ करू नका. नुसती तूर विकणाऱ्या कास्तकाराला अन्नसुरक्षा कायद्याचा परवाना लागत नाही. डाळ, चटणी, पूड केली की लागतो. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर २०११ च्या नियमांनुसार साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये. वेष्टनावर नाव-पत्ता, वजन, किंमत, तयार केल्याचा महिना हवाच. वजन कमी भरले तर मात्र कोणाचीही गय नको, आपल्या गटाचीही नाही.

जागेसाठी कोणाच्या मेहरबानीची गरज नाही. शहरांत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रय समित्या आहेत, त्यांत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असायला हवेत. तुमच्या नगरपरिषदेत ती समिती बसते का, हे आधी विचारा. गावांत बाजाराची बैठकी ग्रामपंचायत ठरवते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांना ग्रामसभा होतात. येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या: आठवडी बाजारात स्वतः पिकवणाऱ्या आणि स्वतः बनवणाऱ्यांसाठी एक रांग राखून ठेवावी, तिथे बैठकी माफ असावी, आणि पावसाळ्यासाठी वर पत्रे टाकावेत. ठराव झाला तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा, आम्ही गावाच्या नावासह छापू. ठराव फेटाळला गेला तर तेही कळवा.