पाहणे आणि राहणे

डोंगरातले एखादे लहानसे गाव पाहून आलेला माणूस घरी परतला की बहुधा म्हणतो, 'कायमचे तिथेच जाऊन राहावे असे वाटते.' या उद्गारात गावाचे कौतुक असते आणि शहरी दगदगीचा कंटाळाही असतो. परंतु पाहणे आणि राहणे या दोन क्रिया उच्चारात जितक्या जवळच्या आहेत, तितक्या व्यवहारात नाहीत. पाहणाऱ्याला गाव तयार मिळते. राहणाऱ्याला मात्र ते सतत घडवावे आणि सांभाळावे लागते. हा फरक समजून घेण्यासाठी हिमाचल प्रदेशातील अंद्रेटा या गावाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कांगडा जिल्ह्यात, पालमपूरच्या चहामळ्यांपासून थोड्याच अंतरावर हे गाव वसले आहे. उत्तरेला धौलाधार पर्वताची बर्फाच्छादित भिंत, खाली भातशेती, बांबूची बेटे आणि पातळ दगडी फरश्यांनी शाकारलेली मातीची घरे, असे त्याचे जुने रूप. १९२९ मध्ये पठाणकोट ते जोगिंदरनगर ही अरुंद लोहमार्गावरची गाडी खोऱ्यातून धावू लागली, तेव्हा गावाजवळच्या पंचरुखी येथे स्थानक झाले. एरवी या गावाची कीर्ती दूरवर पसरण्याचे काही कारण नव्हते. ते कारण पुरवले काही कलावंतांनी, आणि तेही तेथे येऊन राहिल्यामुळे.

त्यांतील पहिले नाव नोरा रिचर्ड्स यांचे. या आयरिश अभिनेत्रीचे पती लाहोरच्या दयालसिंग महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. तेथील विद्यार्थ्यांना नोराबाईंनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या घरादाराविषयी नाटके लिहिण्याची प्रेरणा दिली. त्यातूनच ईश्वरचंद्र नंदा यांचे 'दुल्हन' हे नाटक १९१४ मध्ये रंगमंचावर आले आणि आधुनिक पंजाबी रंगभूमीचा पाया घातला गेला. पतीच्या निधनानंतर त्या मायदेशी गेल्या. पण १९२४ मध्ये परत आल्या आणि पुढे अंद्रेटा येथे स्थायिक झाल्या. तेथे त्यांनी बंगला बांधला नाही. गावकऱ्यांसारखेच मातीचे घर बांधले, त्याच्या आवारात उघडा रंगमंच उभारला आणि विद्यार्थ्यांना नाटके बसवायला बोलावले. १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. त्यांची वास्तू आता पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाकडे आहे.

फाळणीनंतर लाहोर सोडावे लागलेले चित्रकार सोभासिंग हेही १९४७ मध्ये येथे आले. शीख गुरूंची त्यांनी काढलेली चित्रे उत्तर भारतातील असंख्य घरांच्या भिंतींवर आढळतात. १९८६ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके, अंद्रेटा हेच त्यांचे घर होते. चित्रकार व शिल्पकार भबेशचंद्र सन्याल यांचाही या गावाशी जिव्हाळ्याचा संबंध होता. जपानमध्ये कुंभारकामाचे शिक्षण घेऊन आलेले आणि दिल्लीतील 'दिल्ली ब्लू पॉटरी'चे संस्थापक सरदार गुरुचरणसिंग यांचेही पाय या गावाकडे वळले. त्यांचे पुत्र मनसिमरनसिंग आणि स्नुषा मेरी यांनी १९८३ मध्ये येथे मातीकामाची कार्यशाळा सुरू केली. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी तेथे राहून चाकावर हात बसवू लागले.

ही सगळी माणसे बाहेरून आलेली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'बाहेरच्या लोकांमुळे डोंगरातली गावे बिघडतात,' असे सरसकट विधान केले जाते. अंद्रेट्याचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. या लोकांनी येताना आपले काम बरोबर आणले आणि ते गावाच्या साधनांशी जुळवून घेतले. नोराबाईंच्या घरासाठी आणि कार्यशाळेतील भांड्यांसाठी लागली ती माती. गावाकडून त्यांनी जे घेतले, ते कौशल्याच्या आणि कामाच्या रूपाने परत केले. तेव्हा माणूस आतला की बाहेरचा, यापेक्षा तो तेथे काय करतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मातीचा विषय निघाला की दुसरी बाजूही पाहावी लागते. मातीचे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहते. त्याच्या विटा उन्हातच वाळवतात. त्यासाठी इंधन जाळावे लागत नाही. पाहुण्याला ते देखणे वाटते यात नवल नाही. पण त्या देखणेपणामागे श्रम आहेत. पावसाळ्यात भिंतींचा लेप निघतो, कोपरे झिजतात. मग माती कालवायची, तीत भुसा आणि शेण मिसळायचे आणि भिंती व जमिनी पुन्हा लिंपायच्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. हे काम बहुतांशी घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. शिवाय ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात या खोऱ्यात सुमारे २०,००० माणसे दगावली, ही आठवणही आहेच. अशा वेळी एखाद्या कुटुंबाने सिमेंटचे घर बांधले, तर 'गावाची शोभा गेली' असे पाहुण्याने म्हणणे कितपत योग्य आहे? ज्याला वर्षातून एकदाही भिंत लिंपावी लागत नाही, त्याने दुसऱ्याला मातीच्या घरात राहण्याचा उपदेश करू नये. गाव हे कोणाच्या छायाचित्रासाठी जपलेले दृश्य नसते.

तरीही माती म्हणजे दारिद्र्य आणि सिमेंट म्हणजे प्रगती, हे समीकरण मान्य करण्याचे कारण नाही. आपल्या भाषेतच 'कच्चे घर' आणि 'पक्के घर' असा भेद रुजला आहे, आणि त्यात मातीच्या घराला आधीच कमी लेखले जाते. या समजुतीला कृतीने उत्तर दिले दीदी काँट्रॅक्टर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या दीदींचे आईवडील चित्रकार होते. भारतीय तरुणाशी विवाह करून त्या येथे आल्या, प्रथम नाशिकला एकत्र कुटुंबात आणि नंतर मुंबईत राहिल्या. १९७० च्या दशकात त्यांनी कांगडा खोरे गाठले आणि तेथील वास्तव्याची सुरुवात अंद्रेटा येथेच केली. वास्तुशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्थानिक गवंड्यांच्या साहाय्याने माती, बांबू आणि दगड यांची भरपूर उजेडाची, टिकाऊ घरे उभारली. जोते दगडी ठेवावे, छपराची वळचण पुढे काढावी आणि भिंतीला पावसापासून वाचवावे, असे पारंपरिक शहाणपण त्यांनी नव्या गरजांशी जोडले. त्यांना नारीशक्ती पुरस्काराने गौरवण्यात आले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. परंपरा जपायची तर तिच्यातील त्रास कमी करण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, हे त्यांच्या कामातून दिसते.

आज कांगडा खोऱ्यात पर्यटकांचा ओघ वाढला आहे. त्यातून तरुणांना रोजगार मिळतो आणि गाव सोडून जाण्याची वेळ टळते, हा लाभ नाकारता येणार नाही. मात्र केवळ सुट्टीपुरती उघडणारी आणि एरवी कुलूपबंद राहणारी घरे वाढली, तर गावात इमारती दिसतात, शेजार मात्र उरत नाही. हिमाचल प्रदेशाच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्यातील ११८ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सरकारी परवानगीशिवाय तेथे जमीन घेता येत नाही. या तरतुदीने स्थानिकांच्या जमिनीला संरक्षण मिळाले आहे. परंतु कायदा जमिनीचे हस्तांतर रोखू शकतो. गावाविषयी आस्था निर्माण करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ती येणाऱ्याने स्वतःच बाळगायची असते.

प्रत्येक पाहुण्याने तेथे स्थायिक व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच कोणी करणार नाही. पण पाहुण्यालाही राहणाऱ्याच्या वृत्तीने वागता येते. चार गावे धावत पाहण्याऐवजी एका गावात चार दिवस थांबावे. वस्तू घेताना ती बनवणाऱ्या हातांना योग्य मोल द्यावे. पाणी आणि कचरा यांचा भार गावावर टाकू नये. कोणाच्या अंगणात शिरण्यापूर्वी विचारावे. या गोष्टी साध्या आहेत, पण गावाचे गावपण त्यांच्यावरच टिकून असते.

कुंभाराच्या चाकावर पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला तासाभरात एखादी वाकडीतिकडी वाटी साधते आणि ती लगेच घरी न्यावीशी वाटते. पण ओली वाटी नेता येत नाही. ती सावलीत सावकाश वाळू द्यावी लागते. ओलसर असतानाच भट्टीत घातली तर तडकते. भाजल्यावर तिच्यावर झिलई चढवायची आणि ती पुन्हा भाजायची. या कामाला दिवसांमागून दिवस लागतात आणि ते घाईने उरकत नाही. वाटी पाहुण्याची असली, तरी ती वाळवणारे आणि भट्टीवर लक्ष ठेवणारे लोक मात्र त्या गावात राहणारेच असतात. त्यांची आठवण ठेवून परतणारा पाहुणा गावाला कधीच जड होत नाही.