रविवार गहाण टाकू नका

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त मी 19 ठिकाणी भाषणे केली. प्रत्येक ठिकाणी तरुणांना 'वाचा, अभ्यास करा' असे सांगितले. महिना संपला तेव्हा लक्षात आले, की मी स्वतः 30 दिवसांत एकही पुस्तक उघडलेले नाही. दिवसा कोर्ट, संध्याकाळी पक्षकार, रात्री कार्यक्रम. आई म्हणाली, "अरे, गावाला भेटतोस, घराला कधी भेटणार?" कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या वकिलाला उत्तर सुचले नाही.

'साधे जगा, सावकाश जगा' असा उपदेश आज जो तो करतो. आपण तो तपासूनच घेतला पाहिजे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फाटके लुगडे आणि शिळी भाकरी आली, त्यांना साधेपणाचे कौतुक कोणी ऐकवू नये! यंत्रे नाकारणाऱ्या, खेड्याकडे परत नेणाऱ्या गांधीवादाची बाबासाहेबांनी 1945 साली 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात चिरफाड केली. फुरसतीशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही आणि ती फुरसत यंत्रामुळे मिळू शकते, हा त्यांचा मुद्दा होता.

ही फुरसत आपल्याला कोणी दान दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्या पुढाकारातून झालेल्या 1946 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

आणि आपण काय केले? तो रविवार आपल्याच हाताने गहाण टाकला. लग्नात डीजे आणि जेवणावळीसाठी कर्ज, ते फेडायला ओव्हरटाइम. शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून आपलीही हप्त्यावर. उरलासुरला वेळ मोबाईल खातो. चांगले कपडे, पक्के घर, मुलांचे शिक्षण हा आपला हक्क आहे; तिथे माघार नको. पण देखाव्यासाठी काढलेले कर्ज ही नवी वेठबिगारी आहे. तथागतांनी देहदंड नाकारला, तसा भोगविलासही नाकारला. आपला साधेपणा या मध्यम मार्गाचा असावा.

मी आता आठवड्याला एकच कार्यक्रम घेतो. रविवारी सकाळी मोबाईल बंद ठेवून मुलांसोबत विहारात जातो, दुपारी वाचतो. काही आयोजक रागावले. रागावू द्या. एका भाषणावाचून चळवळ अडत नाही. न वाचणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे मात्र ती नक्की अडते.

बांधवांनो, येत्या रविवारी तुमच्या घरात कोणते पुस्तक उघडणार आहे? जयभीम!