रोजा आहे का?

रमजानमध्ये रस्त्यात भेटणारा सहज विचारतो, 'रोजा आहे का?' उत्तर 'नाही' आले, की विचारणाऱ्याच्या मनात निवाडा होऊन जातो. वास्तविक रोजाइतकी न दिसणारी इबादत दुसरी नाही. नमाज लोकांना दिसते, जकात घेणाऱ्याला कळते. पण बंद दाराआड घोटभर पाणीही न पिणाऱ्याचा साक्षीदार फक्त अल्लाह असतो. मग दुसऱ्याचे ईमान आपण मोजणार कशाने?

इमाम गझाली हे बगदादच्या निजामिया मदरशाचे नामवंत शिक्षक. डोळ्यांना दिसते ते आणि बुद्धीला पटते तेही खरे कशावरून, या शंकेने त्यांना एकदा सुमारे दोन महिने ग्रासले होते. पुढे १०९५ मध्ये तर शिकवायला जीभच उचलेना. पद सोडून ते दमास्कसला गेले. हे सारे त्यांनी आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले. तरीही मुस्लिम जगाने त्यांना 'हुज्जतुल इस्लाम', म्हणजे इस्लामचा पुरावा, ही पदवी दिली.

शंका आली म्हणजे श्रद्धा गेली, असे नव्हे. आणि ज्याची श्रद्धा खरोखरच उरली नाही, त्याच्यावरही ती लादता येत नाही. कुराणातील सूरह बकराच्या २५६ व्या आयतीने धर्मात सक्तीला जागाच ठेवलेली नाही. लोकांच्या धाकाने धरलेला रोजा ही नुसती उपासमार ठरते.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली, की शेजारी बसलेल्यापुढे खजूर करावा. त्याचा रोजा होता का, हे विचारू नये.