कल्पना करण्याचा हक्क

मैत्रिणींनो,

बायकांना बोलतं करणं हे आपल्या चळवळीचं मोठं काम. शिबिरात, मंडळाच्या बैठकीत, सल्लाकेंद्रात आपण प्रत्येकीला सांगत आलो, ‘तुझ्यावर काय गुजरलं ते बोल.’ त्या बोलण्याला बळ आलं. मथुरा प्रकरणावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या म्हणूनच 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. अनुभवकथनाचं मोल मला कमी करायचं नाही. पण एक प्रश्न आपण बाईला क्वचितच विचारतो. ‘तुला काय सुचतं?’ तिच्यावर जे गुजरलंच नाही, जे तिने मनाशी रचलं, ते ऐकायला आपल्याला वेळ असतो का?

या अंकात लेखिका आणि कादंबरी हा विषय घेतला आहे, तो याच प्रश्नासाठी. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, आणि रचण्याचा हक्क बाईला सहजी मिळालेला नाही.

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ओळखलं जाणारं ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आलं. विषय होता हिंदू विधवांची दैना, लेखक होते बाबा पदमनजी. म्हणजे मराठी कादंबरी सुरू झाली तीच बाईच्या दुःखावर, पण लेखणी पुरुषाच्या हातात होती. पुढे 1890 पासून हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिली, ती तर यमूच्या तोंडून, ‘मी’ म्हणून. मोठ्या सहानुभूतीने लिहिली आणि आजही ती आपल्याला हलवते. पण हे सारं तुमच्यावर गुजरलं का, असं हरिभाऊंना कुणी विचारलं नसेल. पुरुषाने बाईचं मन कल्पिलं, तर ती त्याची प्रतिभा ठरते.

आता दुसरी बाजू पाहा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली निघालं. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतून पुरुषांनी बाई कशी रंगवली आहे, याचा समाचारही ताराबाईंनी त्यात घेतला. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आपल्यापर्यंत आलं नाही.

पन्नास वर्षांनी, 1933 साली, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात होतं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. केवढा गदारोळ झाला! पण चर्चा लिखाणापेक्षा जास्त रंगली ती ही बाई कोण यावर. मालती बेडेकरांना टोपणनाव घ्यावं लागलं, कारण बाईने लिहिलेली गोष्ट ही तिचीच भानगड असणार, असं वाचकाने धरूनच ठेवलेलं असतं. त्याच मालतीबाईंनी 1950 साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहतीचं ते जग. तिथे त्यांनी नोकरी केली होती, पण ते आयुष्य त्यांचं नव्हतं. पाहिलेल्यात त्यांनी कल्पनेची भर घातली, तेव्हाच ती माणसं वाचकापर्यंत पोहोचली.

कार्यकर्त्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात घ्यावं. नांदेडला जन्मलेल्या कविता महाजनांची ‘ब्र’ 2005 साली आली. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचा अहवाल कुणीही लिहू शकेल. पण कागदोपत्री सरपंच असलेल्या बाईला सभेत खुर्ची मिळत नाही तेव्हा तिच्या मनात काय होतं, ते अहवालाच्या रकान्यात मावत नाही. तिथे कादंबरीच लागते.

आमच्या एका शिबिरात लिहायला दिलं होतं. सगळ्यांनी सासर, मारहाण, दारू याबद्दल लिहिलं. एकीने मात्र रात्रीच्या एस.टी.वर ड्रायव्हर असलेल्या बाईची गोष्ट लिहिली. वाचून होताच पहिला प्रश्न आला, ‘तुझ्या ओळखीची आहे का गं?’ ती म्हणाली, ‘नाही, मनातली आहे.’ मग गट गप्प झाला. मनातल्या बाईशी काय बोलायचं, हे कुणाला कळेना. मैत्रिणींनो, हक्काची प्रत्येक मागणी आधी कुणाच्या तरी मनातच असते ना?

मनात असलं तरी कागदावर यायला वेळ लागतो. कविता भाताला वाफ येईतो सुचते, कथा चार दुपारींत होते. कादंबरीला वर्ष, दोन वर्षं रोजचे तास लागतात. व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली स्वतंत्र खोली आणि स्वतःचं उत्पन्न मागितलं, ते याचसाठी. आपल्याकडे बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिलं. ते ‘स्त्री’ मासिकाने छापलं आणि 1986 साली पुस्तक झालं. छापणारं नियतकालिक भेटलं नसतं तर ते कागद कुठे गेले असते?

मान्यतेचाही हिशेब मांडू या. मराठीला चार ज्ञानपीठ मिळाली, चारही पुरुषांना. अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष 1961 मधल्या कुसुमावती देशपांड्यांपासून 2025 मधल्या तारा भवाळकरांपर्यंत सहा जणी झाल्या. त्यांतल्या एकीचीही मुख्य ओळख कादंबरीकार अशी नाही. मालतीबाईंना मान दिला तो 1981 च्या समांतर संमेलनाने.

मराठवाड्यात तर वाट आणखी लांबची. 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. विद्यापीठ आलं 1958 साली. तरी याच छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने एका त्रैमासिकाच्या बळावर दलित लेखकांच्या पिढ्या उभ्या केल्या. याच शहरातल्या अनुराधा पाटील यांच्या कवितेला 2019 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे इथल्या मातीत काही उणं नाही. उणीव आहे ती लिहिणारीला वेळ आणि छापणारीला हिंमत देण्याची. नव्या लेखिकेकडूनच छपाईचे पैसे मागितले जातात, तेव्हा जिच्या हातात पैसा नाही तिची कादंबरी ट्रंकेतच राहते.

म्हणून पुढच्या अंकापासून चार पानं लिहू घातलेल्या कादंबऱ्यांसाठी राखून ठेवत आहोत. अपुरं प्रकरण चालेल, बोलीत लिहिलेलं चालेल, टोपणनावही चालेल. हे खरं घडलं का, असं आम्ही विचारणार नाही. गटांनीही एवढं करावं: महिन्यातल्या एका बैठकीत कुणा एकीचं लिखाण ऐकावं, आणि लिहिणारीची मुलं, चूल आठवड्यातली एक दुपार आळीपाळीने सांभाळावी. मोर्च्यासाठी आपण हे करतो. कादंबरीसाठी का करू नये?

तुमच्या वह्यांची वाट पाहते.

तुमची,
संपादक