वाऱ्याला पाठ देऊ नका!

दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेलं की पहिल्या दिवशी चिवडा आणि दुसऱ्या दिवशी काकांचं लेक्चर, हे ठरलेलं. यंदा टार्गेट मी नव्हते (फ्रीलान्सिंग करणारी पुतणी हा विषय आता जुना झाला). यंदा नंबर बारावीतल्या चुलतभावाचा. साहेबांना सेलिंग करायचंय. तेही साधंसुधं नाही, फॉइलवालं!

फॉइल म्हणजे काय? शिडाच्या बोर्डाखाली पाण्यात एक उभी दांडी, तिच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. वेग आला की हे पंख बोर्डाला चक्क पाण्याबाहेर उचलतात. पाण्याचा अडथळा एकदम कमी, आणि बोर्ड सुसाट! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग अशाच बोर्डांवर झालं.

“वारा वाहील तशी पाठ द्यावी,” काका म्हणाले. म्हणजे मुकाट्याने सगळ्यांसारखा सीईटीचा क्लास लाव.

संध्याकाळी आम्ही तिघं गोसीखुर्दच्या बॅकवॉटरकाठी गेलो. भावाने मोबाइलवर रेस लावली. वारा पाठीमागून, आणि बोर्ड मात्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काकांनी चष्मा वर केला. “वारा मागून हाये ना? मंग सीधे काहून नाही जात बे?”

प्रश्न एक नंबर! मागे मुंबईत एका स्टोरीसाठी मी एका कोचचं डोकं याच प्रश्नावर खाल्लं होतं. समजा वारा १२ नॉटचा आहे, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. त्याला सरळ पाठ दिलीत तर तुमचा वेग वाऱ्याच्या जवळ पोचेपर्यंत शिडाला वारा जाणवेनासाच होतो. शीड ढिलं, बोर्ड पाण्यात धप्प! पण ४० अंश तिरके गेलात आणि २० नॉट वेग मिळाला, तर अंतर ३० टक्के जास्त कापावं लागतं, तरी खालच्या खुणेकडे तुम्ही १५ नॉटने सरकता. वाऱ्यापेक्षा फास्ट! शिवाय स्वतःच्या वेगामुळे वारा आता समोरून तिरका लागतो आणि शीड भरलेलं राहतं.

बाकी सगळी कसरत हा वेग टिकवण्याची. सुरुवातीला बोर्ड वाऱ्याला आडवा घ्यायचा, शीड दोन-चार वेळा जोरात ओढून हवेत उठायचं आणि मगच हळूहळू खाली वळायचं. घाई केली की संपलं. झोत आला की अजून खाली वळायचं, झोत मेला की पुन्हा थोडं आडवं व्हायचं. म्हणून चांगले रेसर सतत पाण्यावर नजर ठेवून असतात, काळपट सुरकुत्या कुठे दिसतायत ते. उंचीचंही तसंच. फार खाली राहिलात तर दांडी पाण्यात घासते. फार वर गेलात तर पंख हवा ओढतो आणि तुम्ही तोंडावर. (मी साध्या बोर्डावरूनही तोंडावरच पडले होते, तो भाग स्टोरीत छापला नाही.)

खरी परीक्षा बाजू बदलताना. त्या दोन-तीन सेकंदांत बोर्ड पाण्याला टेकला तर पुन्हा उठेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. २०१३ च्या अमेरिकाज कपमध्ये ७२ फुटी बोटी असंच उडत, उडतच बाजू बदलत, ४० नॉटच्या पुढे गेल्या. ताशी ७५ किलोमीटर, विदाउट इंजिन!

“हे समुद्रावाल्याईचं काम,” काका म्हणाले. भाऊ तयारीतच होता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सेलिंगचं सिल्व्हर जिंकलेली नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. इबाद अलीने तिथेच विंडसर्फिंगचं ब्राँझ आणलं, पण ते फॉइल नसलेल्या जुन्या आरएसएक्स बोर्डवर. फॉइलमध्ये आपल्याकडे अजून जागा आहे, असा त्याचा हिशोब.

काका बराच वेळ पाण्याकडे बघत होते. लांबवर एक डोंगा जाळं आवरत होता. “भोपाळले कोनती गाडी जाते नागपूरहून?”

भावाने मोबाइल काढला.

“थांब. पहिले बारावी. अन् पोहनं शिक आधी, येत नाही तुले.”